पंखा बंद, होडी चालू

आमच्या हॉस्टेलच्या खोलीत गेले पाच महिने संध्याकाळी सात ते नऊ पंखा लावायला बंदी आहे. ही बंदी रेक्टर मॅडमची नाही, माझी आहे. त्या वेळात माझ्या टेबलावर दोऱ्याचे तुकडे, तांदळाच्या दाण्याएवढ्या लाकडी खुंट्या आणि पॉलिश पेपरचा भुसा असा संसार मांडलेला असतो. पंखा लावला की सगळं उडून रूममेटच्या नोट्सवर. पुण्यातल्या एप्रिलमध्ये पंखा बंद ठेवायला सांगणं म्हणजे मैत्रीची परीक्षाच. तिने पहिल्या आठवड्यात अबोला धरला आणि दुसऱ्या आठवड्यात टॉर्च धरला.

‘तुझं नक्की काय चाललंय?’ असं कुणी विचारलं की मी सांगते, जहाजं बनवते. समोरचा आधी हसतो. मग ‘म्हणजे कागदाची?’ असं विचारतो. आणि मग टेबलाजवळ येऊन वाकून बघतो. वाकून बघितलं की मात्र पाच मिनिटं तरी जागचा हलत नाही, हा माझा अनुभव आहे.

जहाजांची मॉडेल्स बनवणं हा जगभरातला जुना छंद. आपल्याकडे विमानांच्या आणि गाड्यांच्या मॉडेल्सचे वेडे दिसतात, दिवाळीत किल्ले तर घरोघरी होतात, पण जहाजवाले त्यामानाने कमी. मीही या वाटेला ठरवून आले नाही. सेकंड इयरला एटीकेटी लागली होती, मूड गेला होता आणि कुणाशीच बोलायचं नव्हतं. तेव्हा दादाने वाढदिवसाला टायटॅनिकचं प्लास्टिक किट पाठवलं. डब्यावर लिहिलं होतं १:७००. म्हणजे खरं जहाज माझ्या मॉडेलच्या ७०० पट मोठं. खरी टायटॅनिक २६९ मीटर लांब, माझी ३८ सेंटिमीटर. माझ्या कीबोर्डपेक्षा थोडी छोटी.

एका रविवारात संपवू म्हणून बसले. एका रविवारात माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली, एक लाइफबोट कायमची हरवली आणि जहाजाच्या काळ्या अंगावर गोंदाने माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला. तो अजून आहे. पोलिसांना हवा असेल तर मिळेल.

पण त्या किटने एक गंमत केली. टायटॅनिकला चार धुरांडी आहेत हे सिनेमा बघितलेल्या कुणालाही ठाऊक असतं. चौथं धुरांडं चिकटवताना मी विचार केला, याच्या तोंडालाही काजळी रंगवायची का? शोधायला लागले तेव्हा कळलं की बॉयलरचा धूर पहिल्या तीन धुरांड्यांतून जायचा. चौथं मुख्यतः हवा खेळती ठेवण्यासाठी होतं. सिनेमा मी सहा वेळा बघितला होता. हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. हातात ब्रश आल्यावर पडला.

या छंदाची मेख इथेच आहे. बघताना आपण बरंच काही सोडून देतो. बनवताना सोडता येत नाही.

छोटं म्हणजे खोटं नाही

ज्यांना वाटतं की हे मोठ्या मुलांचं खेळणं आहे, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. सतराव्या शतकात इंग्लंडच्या नौदलासाठी ४८ पट लहान मापाची लाकडी मॉडेल्स बनवली जायची. त्यांतल्या बऱ्याच मॉडेल्सना खालच्या भागात फळ्याच लावलेल्या नसत. आतल्या फासळ्या उघड्या ठेवलेल्या असत, जहाजाची बांधणी दिसावी म्हणून. आज ती जहाजं समुद्रात नाहीत. मॉडेल्स मात्र लंडनमधल्या ग्रिनिचच्या संग्रहालयात आहेत आणि अभ्यासक अजून त्यांच्यावरून मापं घेतात.

नेपोलियनच्या युद्धांत पकडले गेलेले फ्रेंच सैनिक इंग्लंडच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं अडकून पडले होते. जेवणात मिळालेल्या मटणाची हाडं साफ करून, कापून, घासून त्यांनी त्यांची जहाजं बनवली आणि तुरुंगाच्या बाजारात विकली. हातात वेळ होता, समोर हाडं होती आणि डोक्यात जहाज होतं. माझ्याकडे फेव्हिकॉल आहे, म्हणजे मी नशीबवानच.

इंजिनीअरिंगवाल्यांसाठीही एक किस्सा. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला टॉर्की या गावी एक लांबलचक पाण्याची टाकी बांधली. तिच्यात तो मेणाची मॉडेल्स ओढून बघायचा. छोट्या मॉडेलला पाणी किती विरोध करतं, यावरून मोठ्या जहाजाला किती करेल याचा हिशेब त्याने मांडला. आजही मोठं जहाज बांधण्याआधी त्याचं मॉडेल टाकीत ओढून बघतात. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात ज्या फ्रूड नंबरने तुमचे मार्क खाल्ले असतील, तो याच माणसाच्या नावाचा.

नकाशा बुडाला तर?

आता मुंबईची गोष्ट. बॉम्बे डॉकयार्डमध्ये वाडिया घराण्यातले पारशी कारागीर ब्रिटिश नौदलासाठी सागवानी जहाजं बांधत. त्यांतलं एक म्हणजे ‘एचएमएस त्रिंकोमाली’. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ते बांधलं गेलं आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे आहे, अजून तरंगतंय.

या जहाजाचे नकाशे इंग्लंडहून निघाले होते ‘एचएमएस जावा’ या जहाजातून. १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने जावाला हरवलं आणि नंतर जाळून टाकलं. त्याबरोबर नकाशेही गेले. मग दुसरा संच पाठवावा लागला आणि बांधणी लांबली.

हे वाचलं तेव्हा मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीसाठी घरी निघाले होते. रात्रीची गाडी, झोप येत नव्हती. डोक्यात आलं की त्रिंकोमालीचा नकाशा दुसऱ्यांदा मागवता आला, कारण तो कुठेतरी कागदावर होता. पण ज्या होडीचा नकाशा कधी नव्हताच, तिचं काय?

अशी एक होडी आमच्या घरामागे होती.

पंधरा हात

आमचं गाव मालवणजवळ, समुद्राला लागून. माझ्या आजोबांची होडी घरामागे माडांच्या सावलीत, मधोमध ठेवलेल्या दोन ओंडक्यांवर टेकवून, मी शाळेत होते तेव्हापासून पडून होती. एका बाजूला उलांडी असलेली जुनी होडी. उलांडी म्हणजे होडीला आडव्या दोन काठ्यांनी बांधलेला हलक्या लाकडाचा ओंडका. होडीबरोबर तोही पाण्यावर तरंगतो आणि होडी कलंडत नाही. लहानपणी आम्ही भावंडं त्या ओंडक्यावर बसून घोडा-घोडा खेळायचो. यापलीकडे त्या होडीकडे मी कधी बघितलं नव्हतं.

दिवाळीत घरी गेले तर कळलं की होडी तोडायची ठरलीय. वाळवी लागली होती. काकांना मागच्या बाजूला पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या होत्या. काकांना दोष कसा देणार? ते स्वतः फायबरची होडी वापरतात. ती हलकी असते, दरवर्षी तेलपाणी मागत नाही, चार माणसं मिळाली नाहीत तरी ओढता येते. लाकडी होडी सांभाळणं म्हणजे घरात म्हातारं माणूस सांभाळण्यासारखं, असं काका म्हणाले. आजोबा तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

माझ्याकडे चार दिवस होते. म्हटलं, टायटॅनिक बनवून झालीय, आता हिचं मॉडेल करू. किट नाही, नकाशा नाही, यूट्यूबवर व्हिडिओ नाही. मग मापं तर घ्यायलाच हवीत. घरात होती ती आईची शिवणकामाची टेप. ती घेऊन मी होडीला भिडले.

आजोबा पायरीवरून बघत होते. म्हणाले, “काय गो बाय, होडयेक झंपर शिवतलंस काय?”

मी विचारलं, “आजोबा, लांबी किती हिची?”

“पंधरा हात.”

टेप म्हणाली २२ फूट ४ इंच. हात दीड फुटाचा धरला तर पंधरा हातांचे होतात साडेबावीस फूट. बसल्या जागेवरून, नुसत्या आठवणीवर, फरक दोन इंचांचा.

त्यानंतर मी टेप खाली ठेवली नाही, पण आजोबांनाही सोडलं नाही.

वाकड्या वस्तूचं माप घेणं किती अवघड असतं, हे सरळ वस्तू मोजणाऱ्याला कळत नाही. होडीत एकही रेघ सरळ नसते. शेवटी गवंड्याकडून ओळंबा आणला. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत सुतळी ताणून बांधली. दर दोन फुटांवर खूण केली. प्रत्येक खुणेपाशी सुतळीपासून काठ किती लांब, तळ किती खोल, हे वहीत लिहिलं. पोटाचा बाक कसा पकडायचा? त्यासाठी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा होडीला आडवा लावून, बसेपर्यंत कात्रीने कापत गेले. असे अकरा पुठ्ठे झाले. प्रत्येकावर नंबर. आई म्हणाली, एवढा अभ्यास केला असतास तर एटीकेटी लागली नसती. बरोबर आहे.

मापं घेताना पहिल्यांदा दिसलं की या होडीला खिळे नाहीत. तळाचा भाग एका कोरलेल्या खोडाचा, त्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन फळ्या आणि त्या सगळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या! सांध्यावर काथ्याची वळी ठेवून वरून घट्ट टाके घातलेले. मी लहानपणी त्या टाक्यांमध्ये बोटं अडकवून चढायचे. ते टाके आहेत, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

“दोन भोकांत अंतर किती ठेवायचं?” मी विचारलं.

आजोबांनी हाताची चार बोटं जोडून फळीवर टेकवली. माप मिळालं. मी वहीत लिहिलं, तीन इंच.

अजिंठ्यातलं जहाज आणि आमची होडी

शिवलेली जहाजं ही काही फक्त आमच्या गावची गोष्ट नाही. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर शेकडो वर्षं अशी जहाजं बांधली जात होती. अलीकडे बातम्यांत गाजलेली नौदलाची ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ तशीच आहे. अजिंठ्याच्या लेण्यातल्या एका चित्रावरून, पाचव्या शतकातलं जहाज कसं असेल याचा अंदाज बांधून ती गोव्यात तयार झाली. केरळचे कसबी कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या काथ्याच्या दोऱ्यांनी शिवल्या गेल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ती नौदलात दाखल झाली, डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघाली आणि जानेवारीत मस्कतला पोहोचलीसुद्धा.

आता यातली अडचण बघा. अजिंठ्याच्या चित्रात जहाज दिसतं, पण जहाजाची मापं दिसत नाहीत. ते पाण्यात कसं वागेल, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग काय केलं? आधी मॉडेल बनवलं. आयआयटी मद्रासच्या ओशन इंजिनीअरिंग विभागाच्या मदतीने त्याच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. फ्रूडच्या टाकीतली युक्ती दीडशे वर्षांनी अजिंठ्यातल्या जहाजाच्या कामी आली.

ही बातमी मी हॉस्टेलच्या मेसमध्ये वाचली आणि ताटावरून उठून खोलीत आले. आमची होडी तेव्हा अजून उभी होती. म्हटलं, आता हे मॉडेल मी अर्धवट सोडणार नाही.

सातशे चार भोकं

माप ठरवलं १:१२. हिशेब सोपा, खऱ्या होडीचा एक फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच. तरी लांबी सुमारे ५७ सेंटिमीटर. टेबलावर लॅपटॉपला जागा उरली नाही.

लाकूड मिळालं सावंतवाडीच्या चितार आळीत, जिथे लाकडी खेळणी आणि लाकडी फळं बनतात. एका कारागिराने आंब्याच्या लाकडाचा वाळलेला तुकडा दिला आणि पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, “पटाशी धरलीय का कधी?” मी हो म्हटलं. ते खोटं होतं.

खोटं दुसऱ्याच आठवड्यात उघडं पडलं. तळ कोरताना पटाशी जरा जास्त गेली आणि होडीच्या पोटाला अंगठ्याएवढं भोक पडलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते, मी लहान मुलीसारखी रडले. कॉम्प्युटरवर कंट्रोल-झेड दाबायची इतकी सवय झालीय की चूक झाली की बोटं आपोआप तिकडे वळतात. लाकडाला कंट्रोल-झेड नसतं. दुसऱ्या दिवशी आजोबांना फोन केला. ते म्हणाले, खऱ्या होडीलाही डाव्या बाजूला तळात ठिगळ आहे, खडकावर घासली होती तेव्हाचं. मी फोटो मोठा करून बघितला. होतं. माझं भोकही डावीकडेच पडलं होतं. लावलं ठिगळ.

फळ्या वाकवायच्या तर त्या गरम पाण्यात भिजवाव्या लागतात. हॉस्टेलवर इलेक्ट्रिक किटलीला बंदी. मग मेसच्या मावशींकडून रोज संध्याकाळी थर्मासभर उकळतं पाणी. भिजलेली पातळ फळी बाटलीभोवती हळूहळू वाकवायची, कपड्यांचे चिमटे लावायचे आणि रात्रभर तशीच ठेवायची. आमच्या मजल्यावरच्या मुलींचे कपडे त्या काळात बिनचिमट्याचेच वाळले. घाई केली की फळी मोडते. माझ्या चार फळ्या मोडल्या. चारही वेळा घाईच होती. एकदा कॉलेजचा प्रोजेक्ट सबमिट करायचा होता, एकदा मॅच होती.

मग शिवणकाम. चार बोटांचं अंतर बाराने भागलं की होतात सुमारे सव्वासहा मिलिमीटर. एका फळीच्या काठाला ८८ भोकं. प्रत्येक सांध्याला वर-खाली दोन रांगा, दोन्ही बाजूंचे मिळून चार सांधे. गुणाकार करा, ७०४! हातात धरायच्या छोट्या ड्रिलने एकेक भोक. काथ्या एवढ्या छोट्या मापात जाड दिसतो, म्हणून शिलाईचा दोरा चहात बुडवून रंगवला, वाळल्यावर मेणबत्तीवर घासला. रूममेट तोपर्यंत इतकी तयार झाली होती की दोरा ती ओवायची आणि टाका मी घालायची. दिवसाला तीस-चाळीस भोकं झाली की मान दुखायची. पण त्या दोन तासांत मी निकाल, इंटर्नशिप, पुढे काय, यांतलं काहीही डोक्यात घोळवलं नाही. जागाच नव्हती. पुढचं भोक कुठे पडणार, एवढंच.

मार्चमध्ये शिमग्याला घरी गेले तेव्हा घरामागे जागा मोकळी होती. दोन ओंडके तेवढे होते. वाळवी न लागलेली एक फळी काकांनी माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. मला न विचारता, आपणहून.

“ह्या नाक खंयच्या होडयेचा?”

मे महिन्यात मॉडेल पूर्ण झालं. खोक्यात कापूस भरून, रात्रभर मांडीवर घेऊन गावी नेलं. पडवीत आजोबांसमोर ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. आधी उलांडी बघितली, मग टाके. नखाने एक टाका ओढून बघितला, घट्ट आहे ना म्हणून. ठिगळ दिसल्यावर हसले. मग नाळेकडे बघत बराच वेळ गप्प बसले.

“बरा केलंस,” ते म्हणाले. “पण ह्या नाक खंयच्या होडयेचा?”

मी वही काढली. मापं दाखवली. सुतळी, ओळंबा, पुठ्ठे, फोटो, सगळं दाखवलं. एका मिलिमीटरची चूक नव्हती. आजोबांनी वहीकडे बघितलंच नाही. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि तळवा बोटांकडून हळूच वर उचलला. नाळ अशी असायला हवी. किनाऱ्यावरून होडी लोटताना पहिली लाट समोरून येते. तिच्यावर चढायचं तर नाक वर हवं, नाहीतर पाणी आत.

माझ्या मॉडेलची नाळ जवळजवळ आडवी होती.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. होडी कित्येक वर्षं मधोमध दोन ओंडक्यांवर टेकून पडली होती. दोन्ही टोकं अधांतरी. लाकूड हळूहळू वाकत गेलं आणि टोकं खाली आली. मोठमोठ्या लाकडी जहाजांचंही म्हातारपणी असंच होतं. माझी टेप खोटं बोलत नव्हती. होडीच बदलली होती. तिचा खरा आकार दिवाळीत तिथे नव्हताच. तो पायरीवर बसून मला झंपराबद्दल चिडवत होता.

मी चार दिवस होडी मोजत बसले आणि ज्यांनी ती हयातभर चालवली, त्यांना फक्त मधूनमधून विचारलं.

आता दुसरं मॉडेल सुरू केलंय. यावेळी टेप कमी आणि फोन रेकॉर्डर जास्त. रोज रात्री आठला आजोबांना फोन लावते. नाळ किती वर? वीतभर. कुठून वर वळायला लागते? पुढच्या काठीपासून. तेल कसलं लावायचे? माशाचं. मधेच ते विसरतात, दुसरंच काहीतरी सांगायला लागतात, कुठल्यातरी वादळाचं, कुणाच्यातरी लग्नाचं. मी थांबवत नाही. तेही रेकॉर्ड होतं. काकांनी ठेवलेल्या त्या फळीतूनच या होडीच्या फळ्या काढतेय.

पहिलं मॉडेल मोडणार नाही. ती म्हातारपणीची होडी आहे, तीही खरीच. दोन्ही शेजारी ठेवणार आहे. आजोबा ८४ वर्षांचे आहेत. म्हणून पंखा अजून काही दिवस बंद राहील. रूममेटने परवानगी दिलीय.

तुम्हालाही करायचंय?

● पहिलंच जहाज मोठं घेऊ नका. १:७०० मापाचं छोटं प्लास्टिक किट किंवा पुठ्ठ्याचं मॉडेल पुरे. शंभर तोफांचं लाकडी जहाज पहिल्याच फटक्यात घेतलं तर ते डब्यातच राहतं.

● सामान फार लागत नाही. धारदार कटर, बारीक कानस, दोन-तीन नंबरचे पॉलिश पेपर, चिमटा, हाताने फिरवायचं छोटं ड्रिल, कपड्यांचे चिमटे आणि फेव्हिकॉल. फेव्हिक्विक जपून वापरा, माझी बोटं साक्षीला आहेत.

● बोथट पात्यावर जोर लावावा लागतो आणि मग ते निसटतं. पातं वेळेवर बदला. कापताना दुसरा हात पात्याच्या वाटेत ठेवू नका.

● लाकूड घासताना तोंडाला मास्क लावा. गोंद आणि रंग वापरताना खिडकी उघडी ठेवा.

● जोडण्याआधी प्रत्येक भाग नुसता बसवून बघा. गोंद नंतर.

● मोडलेले तुकडे फेकू नका. ठिगळाला लागतात.

● आणि तुमच्या गावात, खाडीत, नदीवर एखादी जुनी होडी पडून असेल तर तिचे फोटो आजच काढा, सुतळी लावून मापं घ्या. प्रत्येक भागाला तिथली माणसं काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पण त्याआधी ती चालवणाऱ्या माणसाला शोधा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. टेप नंतर काढली तरी चालेल.